यादीत नाव कोण घालतं? ब्रॉवर्ड काउंटीतल्या गिफ्टेड वर्गांचं प्रकरण

मायामीच्या उत्तरेला, फोर्ट लॉडरडेल शहराभोवती ब्रॉवर्ड काउंटी पसरली आहे. अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या शालेय जिल्ह्यांत तिची गणना होते. २००५ च्या सुमारास अडीच लाखांहून जास्त मुलं तिथल्या सरकारी शाळांत शिकत होती. समुद्रालगत श्रीमंतांच्या वस्त्या, थोडं आत हैती-जमैकाहून आलेली कुटुंबं, घरात फक्त स्पॅनिश बोलणारी मुलं, असं सगळं एका जिल्ह्यात. २००५ च्या आधी इथे कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक (स्पॅनिशभाषिक मुळाचे) विद्यार्थी मिळून साधारण ६० टक्के होते. तिसरीत ‘गिफ्टेड’, म्हणजे असामान्य बुद्धीची, म्हणून निवडलेल्या मुलांत मात्र त्यांचा वाटा होता २८ टक्के.

असा आकडा पुढे आला की लोक लगेच दोन गटांत वाटले जातात. एकांचं म्हणणं, परीक्षाच पक्षपाती आहे. दुसऱ्यांचं म्हणणं, परीक्षेत खोट नाही, तेवढी हुशार मुलंच तिथे नाहीत. मी शिक्षक आहे, आणि हे दोन्ही सूर मी आमच्या केंद्राच्या बैठकांतही ऐकले आहेत. ब्रॉवर्डमध्ये पुढे जे घडलं ते मला इतकं मोलाचं वाटतं, कारण त्यातून तिसरीच गोष्ट उघड झाली. राहून गेलेल्या मुलांपैकी पुष्कळांची परीक्षा कोणी घेतलीच नव्हती.

नियम आणि नियमाच्या आधीचं दार

फ्लोरिडात गिफ्टेड मूल हे विशेष शिक्षणाच्या कायद्याखाली येतं. ज्या व्यवस्थेत दिव्यांग मुलांच्या गरजा पाहिल्या जातात, त्याच व्यवस्थेत याही मुलांच्या गरजा पाहिल्या जातात. एकदा मूल पात्र ठरलं की त्याच्यासाठी वेगळा शैक्षणिक आराखडा करणं शाळेवर बंधनकारक असतं. त्यामुळे पात्र कोण, हा प्रश्न तिथे नुसत्या कौतुकाचा राहत नाही, हक्काचा होतो.

कट-ऑफ होता बुद्ध्यांक १३०. बुद्ध्यांकाच्या चाचण्यांत सरासरी १०० धरतात आणि १५ गुणांचं एक प्रमाण विचलन, म्हणजे गुण किती पसरलेत ते मोजायची एक पायरी. म्हणजे १३० ही सरासरीच्या दोन पायऱ्या वरची रेघ. शंभरातली दोन-अडीच मुलं तिच्या वर असतात. गरीब घरातल्या मुलांसाठी आणि इंग्रजी अजून शिकत असलेल्या मुलांसाठी एक वेगळी वाट होती. तिथे रेघ ११५ च्या आसपास, म्हणजे सरासरीच्या एक पायरी वर. गरिबी कशी मोजायची? शाळेत मोफत किंवा सवलतीचं जेवण मिळतं का, यावरून.

आता इथे थांबून नीट पाहायला हवं. सवलतीची ही दुसरी वाट २००५ च्या आधीपासूनच होती. तरीही २८ टक्क्यांचा आकडा हलत नव्हता. नियम उदार होता, कागदावर दार रुंद केलेलं होतं, आणि त्या दारातून यायला मुलं नव्हती.

कारण बुद्ध्यांकाची चाचणी ही एकेका मुलाला समोर बसवून घ्यावी लागते. मानसशास्त्रज्ञ आणि मूल, दोघंच एका खोलीत, आणि बराच वेळ. ती सगळ्यांची घेणं परवडत नाही, म्हणून आधी कोणीतरी म्हणायला लागतं की ‘या मुलाची घ्या’. ते म्हणणार दोनच जण: वर्गशिक्षक किंवा आईवडील. ज्या आईवडिलांना अशी काही योजना आहे हे ठाऊक, ते शाळेत जाऊन मागणी करत. जिल्ह्याच्या मानसशास्त्रज्ञाची वाट पाहायची नसेल तर पैसे मोजून खासगी मानसशास्त्रज्ञाकडून चाचणी करून आणायचीही मुभा होती. हॉटेलात भांडी घासणाऱ्या, घरात हैतीची क्रेओल भाषा बोलणाऱ्या आईला यातलं काही माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता. तिच्या मुलाचं सगळं भवितव्य बाईंच्या नजरेवर.

जिल्ह्याच्या चाचण्यांच्या नोंदींत आणखी एक गोष्ट दिसते, आणि ती मला फार बोलकी वाटते. मुलांच्या उंचीचा आलेख काढला तर तो कसा सावकाश चढतो आणि सावकाश उतरतो, बुद्ध्यांकाचाही तसाच असायला हवा. सवलत नसलेल्या मुलांच्या आलेखात मात्र नेमका १३० वर उंचवटा होता. चाचणी घेणारी माणसंच असतात. मूल समोर बसलेलं, दारापलीकडे आईवडील ताटकळलेले, आणि गुण भरतात १२८. कुठल्या उत्तराला किती गुण द्यायचे, हे त्यांच्याच हातात असतं. ही लबाडी आहे असं मी म्हणणार नाही. ती दया आहे. पण ही दया फक्त त्या खोलीपर्यंत पोचलेल्या मुलांच्याच वाट्याला येत होती.

निळ्या-पिवळ्या आकृत्यांचा कागद

२००५ मध्ये जिल्ह्याने एकच गोष्ट बदलली. दुसरीतल्या सगळ्या मुलांना, एकही न वगळता, एक छोटी चाचणी द्यायची ठरवली. मानसशास्त्रज्ञ नागलिएरी यांची अशाब्दिक चाचणी म्हणून ती ओळखली जाते. तिच्या कागदावर एका चौकटीत निळ्या-पिवळ्या आकृत्या मांडलेल्या असतात: चौकोनात वर्तुळ, वर्तुळात त्रिकोण, एकेक घर पुढे जाताना काहीतरी फिरतं, काहीतरी उलटं होतं. एक घर रिकामं. खाली पाच पर्याय, त्यातला रिकाम्या जागी कोणता बसेल ते ओळखायचं. वेळ ३० मिनिटं. शब्द वाचायचे नाहीत, काही लिहायचं नाही, मागच्या वर्षी काय शिकवलं ते आठवायचं नाही. आपल्याकडे बुद्धिमत्ता चाचणीत ‘प्रश्नाकृती-उत्तराकृती’ म्हणून जो भाग मुलं सोडवतात, त्याच जातीची ही चाचणी.

या कागदावरून कोणाला गिफ्टेड ठरवत नसत. ही फक्त चाळणी होती. त्यात १३० किंवा त्यावर गुण आले (सवलतीच्या गटासाठी ११५ च्या आसपास) की मुलाचं नाव आपोआप पुढे जायचं आणि जिल्ह्याचे मानसशास्त्रज्ञ त्याची खरी, समोरासमोरची चाचणी घ्यायचे. तिथला कट-ऑफ तोच, जुनाच. एका गुणानेही खाली आणला नव्हता. बाईंची आणि आईवडिलांची शिफारसही बंद केली नव्हती. शिफारस नसली तरी चालेल, एवढीच भर पडली.

अर्थशास्त्रज्ञ डेव्हिड कार्ड आणि लॉरा जुलियानो यांनी या जिल्ह्याच्या नोंदी बारकाईने तपासून २०१६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. (कार्ड यांना पुढे २०२१ चं अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते श्रमिक बाजाराच्या अभ्यासासाठी.) हिस्पॅनिक मुलांतलं गिफ्टेड ठरण्याचं प्रमाण २ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर गेलं. कृष्णवर्णीय मुलांत १ वरून ३ वर. गोऱ्या मुलांतही ते वाढलं, ६ वरून ८ वर.

तो शेवटचा आकडा वाचणारे बहुतेक जण ओलांडून जातात. गोऱ्या मुलांतलीही हुशार मुलं सुटतच होती. शिफारशीची पद्धत एका समाजाला झुकतं माप देत होती हे खरंच, पण तिच्यातून गळणारी मुलं सगळ्याच समाजांतली होती.

आणि नव्याने सापडलेली मुलं कोण होती? गरीब घरातली, इंग्रजी शिकत असलेली, कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक. शिवाय मुली. मुली वाचून मी चमकलो. वर्गात नीटनेटक्या, वेळेवर गृहपाठ आणणाऱ्या, शिक्षकांच्या लाडक्या मुलीच जास्त असतात. मग शिफारशीत त्या मागे का? मला लागलेला अर्थ असा: मुलीला चांगले गुण पडले की आपण म्हणतो ‘कष्टाळू आहे’, आणि मुलाला तेवढेच गुण पडले की म्हणतो ‘डोकं आहे, अभ्यास करत नाही म्हणून, नाहीतर कुठल्या कुठे जाईल’. हे वाक्य मी स्वतः पालकसभेत बोललेलो आहे, आणि मुलांबद्दलच बोललेलो आहे.

माझी यादी

हे प्रकरण वाचताना मला वारंवार माझी एक यादी आठवत होती, म्हणून ती इथे सांगतो.

मी बीड जिल्ह्यात, ऊसतोडीला जाणाऱ्या लोकांच्या पट्ट्यात, जिल्हा परिषदेच्या शाळेवर आहे. पाचवीचा वर्ग हातात आला की वर्षाच्या सुरुवातीलाच एक काम असायचं: शिष्यवृत्तीला कोणाला बसवायचं आणि नवोदयला, म्हणजे निवासी सरकारी विद्यालयाच्या प्रवेश परीक्षेला, कोणाला बसवायचं. ‘बसवायचं’ हाच आमचा शब्द. मूल आपणहून बसत नाही, गुरुजी बसवतात. नवोदयच्या अर्जावर मुख्याध्यापकांची सही लागते, माहिती ऑनलाइन भरावी लागते, फोटो लागतो, पालकांची सही लागते. पाचवीत एकोणतीस मुलं, आणि भरायला मी एकटा. त्या वर्षी मी चार नावं काढली. एक किराणा दुकानदाराचा मुलगा, एक अंगणवाडीताईंची मुलगी, एक ग्रामपंचायतीतल्या शिपायाचा मुलगा, आणि एक मुलगा ज्याचा मामा तालुक्याला शिक्षक होता. चारही मुलं चांगलीच होती. त्यांच्यावर मी काही मेहेरबानी केली नव्हती.

वर्गात मागच्या बाकावर एक मुलगी होती. दिवाळीला आईबापांबरोबर कोपीवर, ऊसतोडीच्या तळावरच्या झोपडीत, जायची ती पाडव्याच्या पुढेमागे परत यायची. वाचताना अडखळायची, अक्षर वाकडं. एकदा मधल्या सुट्टीत तिच्या वडिलांचा मुकादमाशी फोनवर हिशोब चालला होता आणि ही शेजारी उभी होती. घेतलेली उचल (आगाऊ रक्कम), त्यातून टनामागे कोयत्याला, म्हणजे तोडणाऱ्या जोडीला, पडणारे पैसे, मध्ये आणलेला किराणा, धाकट्याच्या तापात पडलेले खाडे, सगळं ती मनातल्या मनात वजा-बेरीज करत होती आणि वडिलांना बोटांनी खुणावत होती. मुकादमाचा आकडा चुकला तेव्हा तिने वडिलांची बाही ओढली. तिचा आकडा बरोबर निघाला. मी हे पाहिलं, हसलो, तिच्या डोक्यावर थोपटलं आणि वर्गात गेलो. यादी त्याच आठवड्यात केली. तिचं नाव माझ्या मनातही आलं नाही.

ती निवडली गेली असती असा माझा दावा नाही. तिच्यापुढे कागद ठेवला गेला नाही, एवढंच मी म्हणतो. आणि नवोदयच्या सहावीच्या प्रवेशाला मुलाला एकदाच बसता येतं. ते वर्ष गेलं की गेलं.

कार्ड आणि जुलियानो यांनी ब्रॉवर्डच्या शिक्षकांना वंशद्वेषी ठरवलं नाही. आईवडिलांना आणि शिक्षकांना काही मुलांची क्षमता दिसतच नाही, असं त्यांनी मांडलं. मला ते पटतं, कारण त्या दिवशी मी काही कोणाचा द्वेष करत नव्हतो. माझ्या डोळ्यांसमोर ‘हुशार मूल’ म्हणून एक चित्र होतं, आणि त्या चित्रातलं मूल घडाघडा वाचत होतं.

वर्ग भरला कोणी?

प्रकरणाचा दुसरा भाग कमी लोकांना माहीत आहे, आणि माझ्या मते तो पहिल्यापेक्षाही महत्त्वाचा आहे.

ब्रॉवर्डमध्ये नियम होता की ज्या शाळेत चौथीत किंवा पाचवीत एक जरी गिफ्टेड मूल असेल, तिथे त्या इयत्तेचा एक वेगळा वर्ग काढायचा. वर्गात विशीच्या आत-बाहेर मुलं. आता गरीब वस्तीतल्या शाळेत गिफ्टेड मुलं असणार दोन-तीन. उरलेल्या जागा कोणाला द्यायच्या? तर त्याच शाळेतल्या, मागच्या वर्षीच्या राज्य परीक्षेत सर्वांत वर असलेल्या मुलांना, क्रमाने. यांनी बुद्ध्यांकाची रेघ ओलांडलेली नव्हती. त्यांना ‘गिफ्टेड’ हे बिरुदही नव्हतं. नुसती जागा रिकामी होती म्हणून ती त्या वर्गात बसली. बहुतेक शाळांत अशीच मुलं त्या वर्गात जास्त होती.

या मुलांचं काय झालं ते मोजणं सोपं होतं. रांगेत शेवटची जागा मिळालेलं मूल आणि एका क्रमांकाने जागा हुकलेलं मूल यांच्यात तसा काही फरक नसतो. त्या दोघांची पुढे तुलना करायची. निकाल असा आला: कृष्णवर्णीय आणि हिस्पॅनिक मुलांना या वर्गात बसल्याचा प्रचंड फायदा झाला. वाचन आणि गणित दोन्हींत त्यांचे गुण अर्ध्या प्रमाण विचलनाने वाढले आणि सहावीपर्यंत ती वाढ टिकली. शाळेच्या मोजमापात एका वर्षात एवढी उडी सहसा दिसत नाही. ज्या मुलांना साध्या वर्गात ठेवलं त्यांचं यात काही नुकसान झाल्याचं दिसलं नाही. म्हणजे वरची मुलं उचलून नेली आणि मागचा वर्ग ओस पडला, अशी जी भीती सगळीकडे बोलली जाते ती इथे खरी ठरली नाही.

आणि बुद्ध्यांकाच्या जोरावर आलेली मुलं? कट-ऑफच्या जेमतेम वर आणि जेमतेम खाली असलेल्या मुलांची तुलना केली तेव्हा राज्य परीक्षेच्या गुणांत त्यांना विशेष फायदा दिसला नाही. या मुलांचे गुण आधीच वर असतात, त्यामुळे परीक्षेचा काटा पुढे सरकायला जागाही थोडीच उरते, हे लक्षात ठेवायला हवं. गुणांखेरीज इतरही काही मिळत असेल. पण एवढं नक्की म्हणता येतं की ज्या बिरुदावरून आईवडील भांडतात, ज्यासाठी खासगी चाचण्यांना पैसे मोजतात, त्या बिरुदाचा गुणांवर दिसणारा परिणाम थोडा, आणि बिरुद नसलेल्या, आपल्याच शाळेत वर असलेल्या, गरीब घरातल्या मुलाला त्या वर्गाचा उपयोग खूप.

असं का व्हावं? अभ्यासक सांगतात, या मुलांची क्षमता आणि त्यांचे गुण यांत आधीच अंतर पडलेलं होतं. शिक्षकांच्या कमी अपेक्षांमुळे आणि सोबत्यांच्या दबावामुळे ती स्वतःच्या ताकदीपेक्षा मागे राहिली होती. वर्ग बदलला आणि ते अंतर भरून निघालं. आमच्याकडे वेगळे शब्द आहेत, पण गोष्ट तीच. ‘लई शहाणा झालाय का’ हे वाक्य वर्गात रोज ऐकणारं मूल हात वर करायचं सोडतं. त्याला अशा खोलीत नेऊन बसवा जिथे सगळेच हात वर करतात.

म्हणून, गिफ्टेड वर्गासाठी पात्र कोण, या प्रश्नाला ब्रॉवर्डचं प्रकरण माझ्या मते दोन उत्तरं एकत्र देतं. चाळणी सगळ्यांना लावा, कोणाच्याही शिफारशीविना. आणि जागा उरल्या तर त्या रिकाम्या ठेवू नका. त्याच शाळेतल्या, त्याच वस्तीतल्या, वरच्या मुलांना द्या. साऱ्या राज्याशी तुलना न करता, ते मूल जिथे वाढतंय तिथल्या मुलांशी तुलना करून.

हरकती

सर्वांत मोठी हरकत दोन रेघांची. कोणाला १३० आणि कोणाला ११५, हा न्याय कसला? हरकत घेणाऱ्यांचा राग मी समजू शकतो. १२५ गुणांचं सुखवस्तू घरातलं मूल बाहेर राहतं आणि ११७ चं आत येतं. पण सात वर्षांच्या मुलाच्या गुणांत त्याचं घरही मोजलं जातं: घरात पुस्तकं किती, बोलायला वेळ किती, झोप पुरेशी झाली का. आणि चाचणीत दोन-चार गुणांचा हेलकावा नेहमीच असतो. आज १२७ आलेलं मूल पुढच्या महिन्यात १३१ आणू शकतं. रेघ कुठेही ओढली तरी तिच्या दोन्ही बाजूंना सारखीच मुलं उभी असतात.

रेघेवर फार विसंबू नये याचा जुना दाखला कॅलिफोर्नियातला. मानसशास्त्रज्ञ लुईस टर्मन यांनी १९२१ मध्ये असामान्य बुद्धीच्या मुलांचा मोठा अभ्यास सुरू केला आणि दीड हजार मुलं निवडली. सुरुवात त्यांनीही शिक्षकांना विचारूनच केली होती: वर्गातली सर्वांत हुशार मुलं सांगा. चाचणी देऊनही कट-ऑफच्या खाली राहिलेल्यांत विल्यम शॉकली आणि लुईस अल्व्हारेझ होते. दोघांनाही पुढे भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं, १९५६ आणि १९६८ मध्ये. निवडलेल्या दीड हजारांत नोबेल एकालाही नाही.

दुसरी हरकत शिकवण्यांची. चाचणीला महत्त्व आलं की क्लास निघणारच. न्यूयॉर्क शहरात हे टोकाला गेलं. तिथे चार वर्षांच्या मुलांची परीक्षा व्हायची आणि २००८ पासून साऱ्या शहराला एकच कट-ऑफ लावला होता. कागदावर समान न्याय. पण परीक्षेला नाव नोंदवायचं होतं पालकांनी. ज्यांना माहीत त्यांनी नोंदवलं, तयारी करून घेतली, आणि वर्ग आधीपेक्षाही एकरंगी झाले. २०२१ मध्ये ती परीक्षा बंद पडली आणि बालवाडीच्या शिक्षकांनी नावं सुचवायची पद्धत आली, पुढे सोडत. म्हणजे फिरून पुन्हा बाईंच्या नजरेपाशीच. ब्रॉवर्ड आणि न्यूयॉर्क दोन्हीकडे चाचणीच होती, पण एकीकडे ती मुलापर्यंत आपण होऊन जात होती आणि दुसरीकडे मुलाला तिच्यापर्यंत यावं लागत होतं.

खर्चाची हरकत मी शेवटी ठेवली, कारण ब्रॉवर्डमध्ये घात तिनेच केला. आकृत्यांचा कागद स्वस्त असतो. महाग पडतो तो पुढचा टप्पा: चाळणीतून वर आलेल्या प्रत्येक मुलामागे मानसशास्त्रज्ञाचे तास. २००८ च्या मंदीनंतर जिल्ह्याचं अंदाजपत्रक आखडलं आणि २०१० मध्ये सरसकट चाचणी बंद केली. जुनी शिफारशीची पद्धत तेवढी उरली. काळ्या-गोऱ्यांतली, गरीब-श्रीमंतांतली तफावत पुन्हा पूर्वीइतकीच झाली. पाच वर्षांत शिक्षकांची नजर बदलली असेल, ती आता आपणहून अशी मुलं हेरतील, असं कोणाला वाटलं असेल तर तसं झालं नाही. कागद होता तोवर मुलं दिसत होती.

आपल्याकडचा धागा

नवोदय विद्यालयांची कल्पना १९८६ च्या राष्ट्रीय शिक्षण धोरणातली. पहिली दोन विद्यालयं त्याच्या आदल्या वर्षी हरियाणातल्या झज्जरला आणि आपल्या अमरावतीला निघाली होती. ब्रॉवर्डला जे उशिरा सुचलं त्यातला एक भाग नवोदयमध्ये पहिल्यापासून आहे, आणि तो फार चांगला आहे: मूल आपल्याच जिल्ह्यातल्या मुलांशी स्पर्धा करतं, आणि किमान ७५ टक्के जागा ग्रामीण भागातल्या मुलांना. एक तृतीयांश जागा मुलींना. परीक्षाही विचार करून बेतलेली. ८० प्रश्न, १०० गुण, दोन तास; त्यातले निम्मे प्रश्न आकृत्यांचे, ज्यात भाषेची अडचण येत नाही. माझ्या मागच्या बाकावरच्या मुलीसारख्यांसाठीच जणू कोणीतरी बसून ही रचना केली.

दुसरा भाग मात्र राहिला आहे. त्या परीक्षेपर्यंत पोचायचं दार अजून अर्जाचं आहे, आणि अर्ज कोणाचा भरायचा ते माझ्यासारखाच कोणीतरी ठरवतो.

यंदा मी यादी केली नाही. दसऱ्याच्या आधी, टोळ्या निघायच्या आत, आकृत्यांच्या जुन्या प्रश्नांतले वीस प्रश्न काढून चौथी-पाचवीच्या सगळ्या मुलांना अर्ध्या तासासाठी दिले. जी मुलं रोज फळ्यावर येतात त्यातली काही वर आली, काही आली नाहीत. पहिल्या सहांत दोघांची नावं अशी होती की मी पेपर पुन्हा तपासले. त्यातली एक पाचवीतली, कोपीवर जाणारी मुलगी आहे. तिचा अर्ज आधीच भरला होता, कारण यंदा पाचवीतल्या सगळ्यांचेच भरले. हॉलतिकीट माझ्या मोबाइलवर येईल. परीक्षा जानेवारीत, केंद्र आमच्याच तालुक्याला. आणि जानेवारीत ती असेल कोल्हापूरकडच्या एका कारखान्याच्या तळावर. आजी गावात आहे, पण आजीला एकटीने तिथवर जाऊन नातीला आणणं जमणारं नाही. वडिलांनी दोन दिवस सोडले तर खाडा पडतो. शनिवारी मुकादमाला भेटायला चाललो आहे.